वेळणेश्वरच्या कॅम्पसाठी बॅटरी कुठली घ्यायची?

मंगळवार, रात्री

सेक्रेटरी, ए-२०१: नमस्कार मंडळी. डिसेंबरमधला आपल्या सोसायटीचा वेळणेश्वरचा दोन रात्रींचा कॅम्प पक्का झालाय. १४ माणसं, ५ तंबू. जयगडहून फेरीबोटीने तवसाळ, पुढे हेदवीवरून. जागा गेल्या वर्षीचीच, सुरूच्या बनाच्या कडेला. लाइटचं काय करायचं ते या आठवड्यात ठरवूया. वर्गणीतून खर्च करायला हरकत नाही.

सी-२०४: माझ्याकडे २०,००० एमएएचच्या दोन पॉवर बँका आहेत. यूएसबीचे दिवे लावू, वेगळी बॅटरी कशाला?

बी-१०३: गाडी आहेच ना सोबत. बॉनेट उघडून दोन क्लिपा लावल्या की झालं.

डी-४०१: आमच्याकडे जुन्या यूपीएसची ७ एएचची बॅटरी पडून आहे. चालत असावी.

बी-३०२: काकू, ती नका आणू, हात जोडते. गेल्या वर्षी तसलीच मी आणली होती. रात्री सव्वादहाला सासूबाई संडासला जायला उठल्या. वाटेवरचा दिवा आधी पिवळा पडला, मग मिणमिणला आणि त्या बनात पोचायच्या आत विझला. सुरूचं मूळ वाळूतून वर आलेलं होतं, त्याला पाय अडकून त्या हातावर पडल्या. मनगट सुजून टम्म झालं, तीन आठवडे त्यांना भाकरी थापता आली नाही. तेव्हापासून मी हा विषय वाचतेय, लोकांना विचारतेय. थोडं मोठं लिहीन, पण सगळ्यांनी वाचा.

ए-२०१: लिहा वहिनी. ठरवायचंच आहे तर नीट ठरवू.

बी-३०२: पहिलं म्हणजे ती बॅटरी का गेली. बिघडलेली होती असं नाही. गणपतीनंतर तिला कुणी चार्जिंगला लावलंच नव्हतं. शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, आणि मग ती पूर्ण भरल्यासारखी दिसली तरी आत जोर उरत नाही. मीटरवर १२.७ व्होल्ट दाखवत होती, म्हणून मी निर्धास्त होते. दिवे जोडल्यावर काय दाखवते हे बघायला हवं होतं.

दुसरं, तिच्यावरचा आकडा. १२ व्होल्ट गुणिले ७ एएच (अँपिअर-तास) म्हणजे ८४ वॉट-तास, १ वॉटचा दिवा ८४ तास जळेल एवढी वीज. पण हे ७ एएच २० तासांत सावकाश काढले तरच मिळतात, भराभर काढले तर कमी. शिवाय अर्ध्याच्या खाली दरवेळी उतरवली तर ती लवकर म्हातारी होते. म्हणजे हिशेबाला धरायचे ४२.

आता आपल्याला किती लागतं ते बघा. आधी उजेड मोजायचा, बॅटरी त्यानंतर. गेल्या वर्षी आपण उलटं केलं. पाच तंबूंत प्रत्येकी १ वॉटचा दिवा, तीन तास : १५ वॉट-तास. चुलीपाशी ७ वॉट, तीन तास : २१. जेवणाच्या ताडपत्रीवर ५ वॉट, दोन तास : १०. संडासच्या वाटेवर १ वॉट, रात्रभर दहा तास : १०. एका रात्रीचे ५६, दोन रात्रींचे ११२. पाव हिस्सा वर धरला तर १४०. आपल्याला १४० वॉट-तास देणारी बॅटरी हवी, आणि तीही दोन दिवस चार्जिंगशिवाय.

सी-२०४: मग माझ्या दोन बँका? २०,००० म्हणजे २० एएच, दोन मिळून ४० एएच. भरपूर झाले की.

बी-३०२: दादा, तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. २० गुणिले ३.७, म्हणजे एकीत ७४ वॉट-तास. ते ५ व्होल्ट करून बाहेर देताना थोडे गरम होण्यात जातात, हातात ६० च्या आसपास येतात. दोन्ही मिळून १२०. वाईट नाहीत, पण त्यातच सगळ्यांचे फोन चार्ज होणार. रात्री दहाला फोन चार्जिंगला लावले की दिवे गेलेच म्हणून समजा.

आणखी एक. वाटेवर एकटा बारीक दिवा लावला तर बऱ्याच पॉवर बँका अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होतात. इतका कमी करंट जातोय म्हणजे फोन भरला असेल, असं तिला वाटतं. माझी होते, मी करून बघितलंय. म्हणून वाटेचा दिवा पॉवर बँकेवर ठेवायला माझं मन घेत नाही. तंबूतले दिवे मात्र खुशाल त्यावर लावू. एका जागी सगळा भार नको.

बी-१०३: गाडीचं काय मग? तिची बॅटरी तर केवढी मोठी असते.

ए-१०१ : बाळा, गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवायला असते. चार-पाच सेकंद भरमसाट करंट द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचं, यासाठी तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. रात्रभर थोडं थोडं काढून तिला दरवेळी तळाला नेलंस तर ती लवकरच खलास. आणि रविवारी सकाळी गाडी सुरू झाली नाही तर तवसाळच्या धक्क्यापर्यंत ढकलणार कोण? मी तीस वर्षं विजेच्या खांबावर काढली, ऐक माझं.

डी-४०१: आमच्या माहेरी केळशीला निसर्ग वादळानंतर, २०२० च्या जूनमध्ये, कित्येक दिवस लाइट नव्हती. शेजाऱ्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी वापरली होती. तीन-चार रात्री चालली, मग ट्रॅक्टरच सुरू होईना. आजोबा बरोबर सांगतायत.

बी-३०२: तर मी सुचवतेय ती लिथियम आयर्न फॉस्फेटची. दुकानात एलएफपी म्हणतात. १२.८ व्होल्ट १२ एएच, म्हणजे १५३ वॉट-तास. वजन दीड किलोच्या आसपास. तिच्यातले जवळजवळ सगळे वापरता येतात, अर्ध्यावर थांबायची गरज नाही. तेवढंच काम शिसे-आम्लाकडून घ्यायचं तर ७ एएचच्या चार लागतील, नऊ-दहा किलोचं ओझं. आणि साध्या लिथियम-आयनपेक्षा ही तापून पेटण्याची भीती बरीच कमी. पोरं तंबूत असताना मला हेच महत्त्वाचं वाटतं. नीट वापरली तर हजारो वेळा भरता येते, आपला कॅम्प वर्षातून दोनदा.

पण चार्जर तिचाच हवा. चार सेल असतात, भरताना १४.४ ते १४.६ व्होल्ट लागतात. यूपीएसच्या बॅटरीचा चार्जर लावू नका. आणि आत बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, आहे ना ते दुकानदाराला विचारून घ्या. जास्त भरणं, जास्त उतरणं आणि शॉर्ट, तिन्हीला तो सर्किट तोडतो.

सी-३०३: छोटा इन्व्हर्टर लावून घरचेच बल्ब नाही का चालणार? नवे दिवे घ्यायला नकोत.

बी-३०२: चालतील, पण १२ चे २३० करायचे आणि बल्बाच्या आत पुन्हा ते खाली आणायचे, दोन्हीकडे गळती. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी काही वॉट खातो. आपला सगळा भारच १८ वॉटचा. १२ व्होल्टचे एलईडी थेट जोडू, ते पुढेही कामी येतील.

सी-२०४: वहिनी, मी ऑनलाइन हेड टॉर्चसाठी ‘१८६५०’ आकाराचे सेल मागवलेत, वर ९,९०० एमएएच लिहिलंय. ते चालतील का वाटेसाठी?

बी-३०२: आत्ता घेऊन या वर. स्वयंपाकघरातला काटा आहे.

बी-३०२ (वीस मिनिटांनी): वजन केलं. दादाचा सेल २९ ग्रॅम. माझ्या जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला, तेवढ्याच आकाराचा चांगला सेल ४६ ग्रॅम. या आकारात चांगल्यातले चांगले सेल ३,५०० एमएएचच्या आसपास असतात. ९,९०० लिहिलेलं दिसलं की ते खोटंच समजायचं. दादा, ते परत करा, चार्जिंगला लावून झोपू तर मुळीच नका.

सी-२०४: परत करतोय. हातात घेतल्यावरच फरक कळला, दुसरा चांगलाच जड लागला.

बुधवार, सकाळी

ए-१०१ : रात्री झोपताना आठवलं ते लिहितो. फ्यूज. बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या तोंडाशी, वीतभराच्या आत, ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज पाहिजे. तुमचा भार दीड अँपिअर, तेवढा पुरे. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून माणसं बेफिकीर राहतात. वायर कुठे चेपली, खिळ्याने सोलली आणि शॉर्ट झाली तर ती लालबुंद होते. खाली नायलॉनचा तंबू आणि सुरूचा सुका पालापाचोळा. बीएमएसवर एकट्यावर विसंबू नका. वायर पाऊण चौरस मिलिमीटरची घ्या, वाटेच्या दिव्यापर्यंत पंधरा-वीस मीटर सहज ओढता येईल. जोड पिळून टेप मारायचे नाहीत, कनेक्टर लावायचे. मी येतो हवं तर बसवून द्यायला.

बी-३०२: आजोबा, याच की. मीच विचारणार होते.

ए-३०१: सगळ्यांना एक विनंती. गुहागर तालुक्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. आपण जातोय तो काळ त्यातलाच. पांढरा झगझगीत उजेड वाळूवर पडला तर मादी अर्ध्यातून परत फिरते. पिल्लं तर उजळ क्षितिज म्हणजे समुद्र असं समजून चालतात, मागे दिवा असेल तर जमिनीकडे वळतात. वेळासला २००२ पासून लोकांनी कासवं वाचवायचं काम जिवापाड केलंय, आपल्याकडून त्यावर पाणी पडायला नको. दिवे पिवळसर घ्या, बनाच्या आतल्या बाजूला लावा, समुद्राकडे तोंड नको. बाहेर फिरताना लाल टॉर्च.

बी-३०२: ताई, बरं झालं लिहिलंत. पिवळसर दिव्याभोवती किडेही कमी येतात, आमटीत पडायचे गेल्या वर्षी. जेवणाचा ५ वॉटचा दिवा ३ वॉटचा करूया का? ताडपत्रीच्या आतून टांगला तर पुरेल.

ए-३०१: पुरेल. आणि जेवणं झाली की तो बंद.

बी-१०३: सोलर पॅनल न्यावं का? २० वॉटचं आहे आमच्याकडे.

बी-३०२: उघड्यावर ठेवलं तर डिसेंबरच्या उन्हात दिवसाला ६० एक वॉट-तास देईल, म्हणजे एका रात्रीचे. पण सुरूच्या सावलीत काही मिळणार नाही, आणि उघड्या वाळूवर ठेवून त्याची राखण कोण करणार? दोन रात्रींना नको. चार-पाच दिवसांचा कॅम्प असेल तेव्हा नक्की नेऊ.

डी-४०१: खाऱ्या हवेचं काय? आमच्या केळशीच्या घरात प्लगच्या पिना हिरव्या होतात.

ए-१०१ : बॅटरी झाकणाच्या डब्यात ठेवायची. टर्मिनलला व्हॅसलिनचा बारीक थर. घरी आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने कनेक्टर पुसून वाळवायचे. आपल्याकडे लोखंड काय, तांबंही खाऱ्या वाऱ्यापुढे टिकत नाही.

ए-२०१: मग ठरलं असं समजू? एलएफपी १२ एएच, तिचा चार्जर, फ्यूज, वायर, १२ व्होल्टचे पिवळसर दिवे. तंबूंत पॉवर बँका. कॅम्पनंतर बॅटरी कुणाकडे राहील?

बी-३०२: माझ्याकडे. हिला अर्ध्या भरलेल्या अवस्थेत ठेवलेलं मानवतं, दोन-तीन महिन्यांनी बघायचं. पावसाळ्यात लाइट गेली की जिन्यात लावू. फक्त नेण्याआधी एकदा गच्चीवर पूर्ण रात्र चालवून बघायची. एलएफपीचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ तेवढंच राहतं, १३ च्या आसपास, मग एकदम पडतं. त्यामुळे मीटर बघून किती उरली ते कळत नाही. किती वॉट-तास गेले ते मोजणारं छोटं मीटर मी आणते.

सोमवार, सकाळी

बी-३०२: शनिवारी बॅटरी आणली. काल संध्याकाळी सातला गच्चीवर सगळे दिवे लावले, तंबूंचेही मुद्दाम हिच्यावरच. आजोबांनी फ्यूज बसवला, मग वायर मुद्दाम शॉर्ट करून दाखवली, फ्यूज लगेच उडाला. दुसरा घातला. ठरल्या वेळांना एकेक दिवा बंद करत गेलो. पहाटे पाचला वर गेले तेव्हा वाटेचा दिवा तसाच्या तसा जळत होता, मीटरवर ५४ वॉट-तास.

सी-२०४: म्हणजे दोन रात्री होऊन उरेल.

बी-३०२: हो. सासूबाई रात्री वर आल्या होत्या बघायला. कठड्याला हात टेकून त्या दिव्याकडे बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, तो दिवा वाटेच्या तोंडाशी नको, त्या मुळापाशीच लावा, कुठे ते मी दाखवते.

ए-२०१: म्हणजे आजी येतायत?

बी-३०२: येतायत. १५ माणसं धरा.