बाबांची पेटी आणि बाबा : तुमच्याकडचे किस्से लिहा

पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. हॉल घेऊन भाषणं वगैरे आईला नकोय, ती म्हणते ते असते तर अर्ध्यातून उठून घरी आले असते. म्हणून इथे लिहा. नागपुरात धरमपेठ, महाल, आकाशवाणी, एजी (महालेखापाल) ऑफिस, जिथे कुठे भेटले असतील तिथलं. कौतुकच पाहिजे असं नाही, चिडायचे ते पण लिहा 🙂

*

ताई, मी भावगीतं गायची तेव्हा काका साथीला असायचे. एकदा गणपतीत माझा घसा पार बसलेला, तरी मी हट्टाने काळी पाचची पट्टी सांगितली. काका काही बोलले नाही, पेटी जुळवतो म्हणून दोन मिनिटं घेतली आणि त्याच्या खालच्या काळी चारचा सा धरून बसले. मला तिसऱ्या गाण्यात कळलं. वर तबलजीला दम, "खर्रा थुकून ये आधी, मग ठेका धर."

*

मी त्यांचा ऑफिसातला. पाच वाजले की माणूस गायब. आम्ही म्हणायचो जरा थांबा, बर्डीवर चहा घेऊ, तर म्हणे पोरीचं गणित राहिलंय. साहेबाच्या निरोप समारंभात पण पेटी वाजवून जेवायच्या आधी पळाले. थोडे शिष्टच वाटायचे, खरं सांगतो.

*

मी शिकायला जायचो. मे महिन्यात अख्खं घर कूलरसमोर बसलेलं आणि पेटी मात्र आतल्या खोलीत, कारण त्या ओल्या हवेने लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. आम्ही पण त्याच खोलीत, घामाघूम. सूर बेसूर झाला की पेटी उघडायचे, त्या सुराच्या पत्तीखाली (रीड) कागद सरकवायचा आणि ब्लेडने अगदी हलकं खरवडायचं. टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. मला एकदा करू दिलं, माझ्यापेक्षा त्यांचाच श्वास अडकलेला. आणि सारखं सांगायचे की आमच्या लहानपणी रेडिओवर पेटी नव्हतीच, 1940 ला घातलेली बंदी 1971 मध्ये सैल झाली, तोवर आम्ही सारंगी न् गळाच ऐकला. त्यांची पेटी गायची ती त्याच्यामुळेच असं माझं मत, बाकीच्यांचं वेगळं असू शकतं.

*

मी मावसभाऊ. सगळे छान लिहून राहिले पण मला अजून राग येते. मुंबईच्या मोठ्या गायकाकडून बोलावणं आलतं, नाटकाचा दौरा होता, हा गेलाच नाही. काऊन? तर मावशी, म्हणजे याची आई, आजारी. अबे, बाकीचे नव्हते काय घरात? तिकडं गेला असता तर आज नाव असतं. घरासाठी कला मारली यानं.

*

काका, रागावू नका पण हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. आजी आजारी होती हे खरंय, पण ती बरी झाल्यावर परत विचारलं होतं तेव्हाही बाबा गेले नाहीत. त्यांना घरी राहायला आवडायचं हो, इतकंच. आई कणीक मळतेय, धाकटी पाढे म्हणतेय, आणि हे बाजूला बसून तिच्या पाढ्यांना सूर देतायत, सतराच्या पाढ्याला हमखास तोडी राग. त्याग वगैरे म्हटलं की आईला पण राग येतो, तिला वाटतं आपण अडवलं असं लोक म्हणतात.

*

ताई, तान्हा पोळ्याचं कुणीच नाही लिहिलं! आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांच्या लाकडी नंदीला घुंगरं काकाच बांधायचे. आधी एकेक घुंगरू कानाशी हलवून पाहायचे, बद्द वाजलं की बाजूला. बक्षीस सजावटीला असायचं बाप्पा, आवाजाला कोण विचारते! नातवाचा नंदी दरवर्षी हरायचा अन् आजोबा-नातू दोघंही खुश.

*

हो, ती बाजूला काढलेली घुंगरं अजून डब्यात आहेत. एक काम होतं, बाबांच्या पेटीचा भाता हवा सोडतोय आणि मधल्या सप्तकातला कोमल नी वाजतच नाही. इतवारी-महालात पेटी दुरुस्त करणारं भरवशाचं कुणी असेल तर कळवा, वर्षश्राद्धाच्या आधी व्हायला पाहिजे. मावसकाका, तुम्ही या त्या दिवशी, आई भांडायला तयार आहे.