बीपीची गोळी वाढवल्यावर पाय सुजले: गोळीमुळे की हृदयामुळे?

प्रश्न:
आईचं वय 76, बीपी जुनं. अम्लोडिपिन 5 वरून 10 मिग्रॅ केल्यापासून संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, सकाळपर्यंत बरेच उतरतात. धाप लागते असं ती म्हणत नाही. गोळी बंद करून बघावी का?

प्रतिसाद 1:
परस्पर बंद करू नका, बीपी पुन्हा चढेल. पण डोस वाढल्यावरच सूज आली हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अम्लोडिपिनने बारीक धमन्या सैलावतात, पुढच्या शिरा तेवढ्या सैलावत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. एकूण अंगात जादा पाणी साठलेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही; उलट सोडियम-पोटॅशियम घसरू शकतं. डॉक्टर सहसा डोस कमी करतात, टेल्मिसार्टनसारखं बीपीचं दुसरं औषध जोडतात किंवा गोळीच बदलतात.

प्रतिसाद 2:
वरचं बरोबर आहे, तरी हृदय तपासल्याशिवाय सगळं खापर गोळीवर फोडू नका. वर्षानुवर्षांच्या बीपीने हृदयाची भिंत जाड आणि ताठर होते. पंपिंग (दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलतं त्या रक्ताचं प्रमाण) 60 टक्के, म्हणजे नॉर्मल असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं, त्यामुळे इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) नुसता तो आकडा बघून निर्धास्त होऊ नका. भिंतीची जाडी आणि डाव्या कर्णिकेचा (हृदयाच्या वरच्या कप्प्याचा) आकार विचारा, सोबत हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी.

धाप लागत नाही, यावरही विसंबू नका. वयस्कर माणसं नकळत चालणं कमी करतात, मग धाप लागायची वेळच येत नाही. जिने टाळते का? झोपताना डोक्याखाली उशा वाढल्या का? रात्री गुदमरून उठून बसते का?

रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन घेऊन लिहून ठेवा. 2-3 दिवसांत 2 किलो वाढलं तर ते पाणीच समजा, लगेच कळवा. घोट्याच्या वर नडगीच्या हाडावर अंगठा 5-10 सेकंद दाबा. खळगा पडतो का आणि सूज कुठवर चढली तेही नोंदवा.

प्रतिसाद 3:
गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन चालू आहे का? या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपीही वाढवतात. किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) तपासून घ्या. सूज उतरवायचे घट्ट मोजे पायाचा रक्तपुरवठा तपासल्यावरच घाला. एकच पाय सुजून दुखू लागला तर शिरेत रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी दाखवा. बसल्या जागी धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट इमर्जन्सी.