वनस्पतींतल्या घटकांनी अंगातलं लोह उतरतं का?

निशिगंध: मुलगा चौदा वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे रक्त नीट न बनण्याचा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं. फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) २८०० च्या खाली येत नाही. लोह बाहेर काढणारी डेफेरासिरॉक्सची गोळी रोज चालू आहे. गोळी पाण्यात विरघळवली की ग्लासच्या तळाशी पांढरा साका उरतो, त्यात परत पाणी घालून तोही त्याला प्यायला लावते. तो तोंड फिरवतो आणि माझा जीव तुटतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडावर ताण आल्याची खूण) वाढलं की डोस कमी करावा लागतो, लोह पुन्हा वर. हळदीतलं कर्क्युमिन, मिल्क थिसल या वनस्पतीतलं सिलिमारिन, ग्रीन टीमधले कॅटेचिन लोहाला धरतात म्हणे. मग ते या मुलांना का देत नाहीत? माझ्या मते द्यायलाच हवेत.

लालपेशी: ताई, मी विरोधात आहे. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं. शरीरातून रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅम बाहेर पडतं, जास्तीचं टाकायची सोयच नाही. चहातलं टॅनिन, धान्यातलं फायटिक आम्ल आतड्यात अन्नातलं लोह अडवतात. तुमच्या मुलाचं लोह शिरेतून येतंय.

पानफूल: सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. मला थॅलेसेमिया इंटरमीडिया, म्हणजे मेजरपेक्षा सौम्य प्रकार आहे, रक्त क्वचितच लागतं. आमच्यात हेप्सिडिन, म्हणजे लोह शोषण्याला लगाम घालणारं संप्रेरक, दबलेलं असतं, म्हणून आतडं गरजेपेक्षा जास्त लोह ओढतं. जेवणासोबत चहा घ्या, असं मला डॉक्टरांनीच सांगितलंय. आणि लोह काढणारं डेफेरॉक्सामाइन हे औषध कुठून आलं? स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जिवाणूपासून! मग निसर्गातून आलेलं म्हणून नाक का मुरडायचं?

लालपेशी: इंटरमीडियाबद्दल मान्य, ते मी लिहायला हवं होतं. पण डेफेरॉक्सामाइन आठ-दहा तास पंपाने त्वचेखाली सोडतात, लघवी लालसर होते, लोह बाहेर पडताना दिसतं. कर्क्युमिन परीक्षानळीत लोह धरतं, पण पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं. सिलिमारिनच्या चाचण्या झाल्यात, पण लहान आणि बहुतेक नेहमीच्या औषधाच्या जोडीने.

मला खरी भीती वेगळीच आहे. फेरिटिन सुजेनेही वाढतं. एखाद्या अर्काने सूज उतरली तर आकडा खाली येईल, तुम्ही सुटकेचा श्वास घ्याल आणि हृदयातलं लोह तिथेच असेल. हळदीच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याचंही नोंदलं गेलंय, आणि या मुलांचं यकृत आधीच लोहाने भरलेलं. हृदयातलं लोह मोजणारा टी-टू-स्टार एमआरआय कधी केलात?

निशिगंध: दोन वर्षांपूर्वी. १७ मिलिसेकंद आला होता.

लालपेशी: २० च्या खाली म्हणजे हृदयात लोह साठलंय. ताई, आधी एमआरआय परत करा. डेफेरिप्रोन हे लोह काढणारं दुसरं औषध जोडता येईल का, हेही विचारा. त्याने पांढऱ्या पेशी घसरू शकतात, म्हणून ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी लागते. ताप आला तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

पानफूल: यावर मी लालपेशींच्या बाजूने.

निशिगंध: सोमवारी एमआरआयची वेळ घेते. सिलिमारिनचं मात्र मी सोडलेलं नाही. डॉक्टरांना विचारणार, लपवून देणार नाही.