मदत हवी आहे: फॉस्टर केअरमधून बाहेर पडणाऱ्या मुलाला पैशाचं कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे चार वर्षं फॉस्टर केअरमध्ये (म्हणजे दत्तक न घेता सांभाळायला) असलेला मुलगा लवकरच १८ पूर्ण करेल आणि तीन महिन्यांनी वेगळं राहायला जाईल. अर्धवेळ नोकरी आहे, स्वयंपाक येतो, कामाला वाघ आहे. पण पहिला पगार नऊ दिवसांत संपला.

आधी मी चिडले. मग दोघांनी बसून हिशोब मांडला, तर अर्ध्याहून जास्त रक्कम दुसऱ्या घरी राहणाऱ्या धाकट्या बहिणीला आणि जुन्या संस्थेतल्या एका मित्राला गेलेली. उरलेल्याचे हेडफोन. आणि परवा चादरी धुवायला काढल्या तर उशीच्या अभ्र्यात घडी घातलेल्या नोटा सापडल्या. विचारलं तर म्हणाला, "बँकेतले कोणी काढून घेतले तर?" आमच्याकडे येण्याआधी त्याने चार घरं बदलली, दर वेळी काही ना काही मागेच राहिलं. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं बरोबरच आहे.

जन्मदाखला, ओळखपत्र, शाळेचे दाखले यांची फाइल करून दिली आहे. अडलंय ते पुढे. त्याच्या खात्यावर माझं नाव जोडू का? बहिणीला पैसे देऊ नको असं सांगायला जीभ रेटत नाही. आणि भाड्याच्या घराला जामीनदार मागतात, तिथे मी राहावं का?

प्रतिसाद १
ताई, मी स्वतः संस्थेत वाढलोय. १८ पूर्ण होईपर्यंत विजेचं बिल डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. कपडे, वह्या, साबण, सगळं हातात मिळायचं. ते कितीला येतं हा प्रश्नच नव्हता. तुमच्याकडे तीन महिने आहेत ना? आत्तापासून त्याच्याकडून खोलीचं भाडं आणि बिलाचा वाटा घ्या. खरंखुरं, ठरल्या तारखेला. ते पैसे बाजूला ठेवा आणि जाताना डिपॉझिटसाठी त्यालाच परत करा. आमच्यातले बरेच जण पहिल्याच महिन्यात कोसळतात, कारण डिपॉझिट, आगाऊ भाडं, गादी, भांडी असं सगळं एकदम अंगावर येतं आणि पगार व्हायला अजून वीस दिवस असतात.

प्रतिसाद २
संयुक्त खातं नकोच. बऱ्याच संयुक्त खात्यांत दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतो, म्हणजे त्याची नेमकी जी भीती आहे तीच तुम्ही खरी कराल. खातं त्याच्या एकट्याच्या नावावर हवं. लहानपणी कोणी पालक म्हणून जोडलेलं जुनं खातं असेल तर तेही तपासा.

दुसरं, त्याच्या नावावर आधीच कर्ज किंवा फोनची थकबाकी नाही ना, हे बघून घ्या. या मुलांची कागदपत्रं इतक्या हातांतून जातात की नावाचा गैरवापर होतो. अमेरिकेत तर फॉस्टर केअरमधल्या १४ वर्षांवरच्या प्रत्येक मुलाचा क्रेडिट रिपोर्ट (नावावरच्या कर्जांची नोंद) दरवर्षी तपासायचा कायदाच आहे.

क्रेडिट कार्डाचं नुसतं तोंडी सांगू नका, कागदावर मांडून दाखवा. महिना ३ टक्के व्याज आणि एक पैसाही भरला नाही, तर २४ महिन्यांत रक्कम दुप्पट होते. दंड वेगळाच.

प्रतिसाद ३
१८ म्हणजे मोठा झाला की. ठेच लागली की शिकेल आपोआप.

धागालेखिका
@प्रतिसाद ३, माझ्या पोटच्या मुलाला २३ व्या वर्षी ठेच लागली, तेव्हा तो बॅग घेऊन घरी आला आणि दोन महिने फुकट जेवला. याने कुठे जायचं? वाढदिवसाच्या दिवशी आधार तुटू नये हे आता कायदेही मानतात. भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १८ ते २१ वयाच्या मुलांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे, इंग्लंडमध्ये २०१७ च्या कायद्याने सल्लागाराची मदत २५ वर्षांपर्यंत नेली. आमच्या घराचं दार तर उघडंच आहे, पण हक्काने परत यायची त्याला सवय नाही.

बाकीच्यांचे आभार. काल बसलो. बहिणीला द्यायची रक्कम ठरवून तिचं नाव महिन्याच्या खर्चाच्या यादीत भाड्याच्या खालोखाल लिहिलं. त्याच्यापेक्षा जास्त मागणी आली तर "या महिन्याचं संपलं" म्हणायचं. हे त्याला एकदम पटलं. नाही म्हणायचं नव्हतं, फक्त आकडा हवा होता. मित्राचं अजून पटलेलं नाही.

खोलीच्या भाड्याचं सांगितल्यावर पहिला प्रश्न, "परत देणार हे लिहून द्याल?" दिलं लिहून, तारीख आणि सहीसकट. कागद कुठे ठेवला विचारलं नाही, पण अभ्र्यातच असणार.

जामीनदाराचं मात्र कोणीच बोललं नाही. भाडं थकलं तर माझ्यावर येणार हे कळतं, पण त्याने घाबरून मला न सांगता घर सोडलं तर काय, याची जास्त धास्ती आहे. कोणी राहिलंय का जामीन असं?