1860 च्या इंग्लंडमधल्या बायका गाऊनच्या आत काय काय घालायच्या?

सुईदोरा:
आमचा हौशी नाटकाचा ग्रुप आहे, यंदाचं नाटक 1860 च्या सुमाराच्या लंडनमध्ये घडतं आणि कपडेपट माझ्याकडे आलाय. दिग्दर्शक म्हणतो वरचा गाऊन छान दिसला की झालं, आत लेगिंग घालू देत. मी तसा एक शिवून बघितला तर तो अंगावर मॅक्सीसारखा लोंबतो, कमरेखाली काही आकारच येत नाही. तर आतल्या कपड्यांचा क्रम काय असायचा? कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी नाडीची ताठ चोळी, थेट अंगावर घालायचं का? कंबर बारीक दिसावी म्हणून बरगड्या काढून घ्यायच्या म्हणतात ते खरं का? आणि एवढं सगळं घालून बाथरूमला कशा जायच्या, हे तर आमच्यातल्या प्रत्येक मुलीने विचारलंय.

काजंबटण:
लेगिंगवर अजिबात ऐकू नका ताई, गाऊनचा आकार सगळा आतून येतो. आधी शेमीज, म्हणजे सुती किंवा लिननचा गुडघ्यापर्यंतचा सैल झगा. मग ड्रॉवर्स, म्हणजे आतली सैल विजार, पायमोजे आणि बूट, कारण कॉर्सेट आवळल्यावर वाकून बूट घालणं अवघड. त्यावर कॉर्सेट, मग क्रिनोलिन, म्हणजे घेर फुगवणारा कड्यांचा पिंजरा, त्याच्या कड्या वरून दिसू नयेत म्हणून एक पेटीकोट, आणि शेवटी गाऊन. कॉर्सेट थेट अंगावर कधीच नाही, ते धुता येत नसे, घाम सगळा शेमीज टिपायची आणि धुवायला जायची तीच.

बाथरूमचं उत्तर ड्रॉवर्समध्ये आहे. त्याचे दोन पाय फक्त कमरपट्टीला जोडलेले असत, मधली शिवण मारलेलीच नसे. घेर उचलून बसलं की झालं, काही सोडावं लागत नसे. आज ऐकायला विचित्र वाटतं पण एवढ्या थरांखाली दुसरं काही सोयीचं पडलंच नसतं.

कॉर्सेटमध्ये तेव्हा देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या घालत. ते हाड नव्हेच, आपल्या नखांच्या जातीचा पदार्थ, अंगाच्या उबेने थोडा मऊ पडून शरीराचा आकार घेतो. तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातले जाड रुंद केबल टाय घ्या, टोकं कापून मेणबत्तीवर गोल करा नाहीतर कापड फाडून बाहेर येतात. आधी मांजरपाटाचं करून प्रत्येकीच्या अंगावर बसवून बघा.

थेम्सकाठची:
मी लंडनला असते, इथल्या म्युझियममध्ये त्या काळातली कॉर्सेट्स पुष्कळ बघितलीत. काचेतलं कॉर्सेट पूर्ण मिटवलेलं दिसतं म्हणून कंबर इवलीशी वाटते, पण घालताना पाठीमागे नाडीत दोनतीन इंच फट सोडायची पद्धत होती. बरगड्या काढल्याचा काही पुरावा नाही, आणि लिस्टर या ब्रिटिश सर्जनने जंतुनाशक वापरून ऑपरेशनची पद्धत मांडली तीच 1867 ला, त्याआधी हौसेखातर पोट कोण फाडून घेईल! मोलकरीण पाठीत गुडघा देऊन नाडी ओढते तो सीनही रोजचा नव्हता, पुढच्या बाजूला खुंट्या आणि फासे असलेल्या धातूच्या दोन पट्ट्या असायच्या, नाडी सैल करून बाई आपली आपण अडकवायची. कामकरी बायकाही कॉर्सेट घालत, त्यात राबत.

रेशीमगाठ:
तरी इतकंही गोड चित्र नको. जास्त आवळणाऱ्या होत्या, बरगड्यांचा आकार बदललेले सांगाडे आहेत, गरोदरपणात घालायची वेगळी कॉर्सेट्स विकली जायची. त्याविरुद्ध बायकाच उभ्या राहिल्या, 1881 ला लंडनमध्ये सोयीच्या कपड्यांचा आग्रह धरणारी रॅशनल ड्रेस सोसायटी निघाली आणि आतल्या कपड्यांचं एकूण वजन सात पौंडांवर, म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास, जाऊ नये एवढी साधी त्यांची मागणी होती.

क्रिनोलिनचंही तसंच. 1856 ला पोलादी कड्यांचा पिंजरा आला तेव्हा बायकांना सुटल्यासारखं झालं कारण आधी तोच फुगीरपणा आणायला चारपाच जड पेटीकोट एकावर एक घालावे लागायचे. पण घेर आपल्यापासून दोनदोन फूट लांब, शेकोटीला कधी लागला कळायचंही नाही, आणि आत मोकळी हवा असल्याने भडकायचा लगेच. लेखक ऑस्कर वाइल्डच्या दोन सावत्र बहिणी, एमिली आणि मेरी, 1871 मध्ये अशाच गेल्या, एकीच्या कपड्यांनी पेट घेतला आणि दुसरी वाचवायला धावली. दोघी विशीतल्या. सुईदोरा, तुमच्या नाटकात मेणबत्त्या असतील तर कृपा करून बॅटरीवरच्या वापरा, त्यात सिंथेटिक कापड असेल तर ते वितळून अंगाला चिकटतं.

सुईदोरा:
पहिल्या अंकात मेणबत्त्या आहेत, आजच बदलायला सांगते. मांजरपाटाचं कॉर्सेट काल घालून बघितलं, आमची नायिका आपोआप ताठ चालायला लागली, दिग्दर्शकही काही बोलला नाही. एकच अडचण, क्रिनोलिन घालून खुर्चीत बसली की पुढचा घेर वर उडतो आणि सगळं दिसतं.

काजंबटण:
ती कड्यांवर बसतेय. बसायच्या आधी दोन्ही हातांनी बाजूच्या कड्या जरा उचलून मागचा घेर पाठीमागे सारायचा आणि खुर्चीच्या कडेवर टेकायचं, कड्या एकावर एक मिटतात. हात असलेली खुर्ची मात्र काढून टाका. आणि पिंजरा आजच तिच्याकडे द्या, तालमीला रोज तोच घालून येऊ दे.