नियोजनाची हद्द वाळूच्या प्रवासावर ठरावी

समुद्रकिनाऱ्यावर संरक्षक भिंत बांधली की मागची जमीन सुरक्षित, मग तिथे बांधकामाला परवानगी द्यायला काय हरकत, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. लाट भिंतीवर आपटून मागे फिरते तेव्हा पायथ्याची वाळू ओढून नेते. पुळण, म्हणजे किनाऱ्याचा वाळूचा पट्टा, खाली खाली जाते आणि शेवटी भिंतीचाच पाया उघडा पडतो.

शिवाय वाळू एका जागी थांबत नाही. लाटा किनाऱ्यावर तिरक्या चढतात, सरळ उतरतात. प्रत्येक वेळी कण थोडा बाजूला सरकतो. मध्ये दगडी बांध घातला तर अलीकडे वाळूचा ढीग आणि पलीकडे धूप. एकाचं रक्षण म्हणजे शेजाऱ्याचं नुकसान! म्हणून किनाऱ्याच्या आराखड्याची हद्द प्रशासकीय नको, वाळूच्या प्रवासाची हवी. इंग्लंड-वेल्सचा किनारा याच विचाराने ११ मुख्य गाळ-कक्षांत, म्हणजे ज्यांच्या आतल्या आतच वाळू बहुतांशी फिरते अशा पट्ट्यांत, विभागलेला आहे.

भिंतीऐवजी वाळूच वापरायचा मार्गही आहे. नेदरलँड्सने २०११ मध्ये हेगजवळ सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकली आणि ती पसरवायचं काम वारा-लाटांवर सोपवलं. अर्थात, एवढी वाळू सगळ्यांना कुठून परवडणार?

पण वाळूच्या टेकड्या राखणं परवडतं. उष्ण प्रदेशांत त्यांच्यावर मर्यादवेल पसरते. तिच्या पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटतात, उडती वाळू तिथेच अडते. वादळात हीच टेकडी झिजून पुळणीला वाळू पुरवते. ती सपाट करून पार्किंग केलं, तर समुद्राला द्यायला मागे उरतात फक्त घरं.