कायझरच्या घाईतल्या विमानवाहू नौका: दूरदृष्टी की खलाशांच्या जिवाशी खेळ?

दर्यावर्दी: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी झपाट्याने जहाजं बांधणारा उद्योगपती हेन्री कायझर, त्याचं कौतुक आता पुरे. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरच्या गोदीत त्याने कॅसाब्लांका वर्गाच्या ५० छोट्या विमानवाहू नौका बांधल्या. त्यांतली पहिली नौका जुलै १९४३मध्ये नौदलात आली, शेवटची जुलै १९४४मध्ये. झपाटा जबरदस्त, कबूल. पण चिलखताच्या नावाने शंख आणि वेग जेमतेम १९ नॉट (ताशी सागरी मैल). २४ नोव्हेंबर १९४३ला प्रशांत महासागरातल्या मेकिन बेटाजवळ यांतल्याच 'लिस्कम बे'ला जपानी पाणबुडीचा एक टॉर्पेडो लागला. बॉम्बचं कोठार उडालं, जहाजाचा मागचा भागच गेला आणि २३ मिनिटांत नौका तळाला. ६४४ माणसं मेली. पर्ल हार्बरच्या शौर्याबद्दल नेव्ही क्रॉस हे पदक मिळालेला डोरिस मिलर त्यांतलाच.

नाखवा_दादा: मग पर्याय काय होता, तेही सांगा. 'एसेक्स' या मोठ्या विमानवाहू नौकेचा तळ एप्रिल १९४१मध्ये घातला, ती नौदलात आली डिसेंबर १९४२च्या अखेरीस. एकेकीला एवढा वेळ लागला, तर सैन्य उतरवताना वर विमानं कुठून आणणार होता? आणि ५०पैकी बुडाल्या ५. ज्यांना 'जिवाशी खेळ' म्हणताय, त्यातल्याच 'ग्वाडलकॅनाल'च्या तुकडीने जून १९४४मध्ये जर्मन पाणबुडी यू-५०५ जिवंत पकडली.

दर्यावर्दी: पाचच बुडाल्या हा हिशेब 'लिस्कम बे'वरच्यांच्या घरी जाऊन सांगा. नौदलाने आधी कायझरला नकारच दिला होता. रूझवेल्टने मध्ये पडून मंजुरी दिली. नकार काय उगाच होता?

खवचट_काका: नौदलाचा नकार हा पुरावा? नौदलं कुठल्याही नव्या गोष्टीला आधी नाहीच म्हणतात.

नाखवा_दादा: 😀 फिलिपिन्समधल्या समार बेटाजवळची लढाई आठवा, २५ ऑक्टोबर १९४४. समोर 'यामातो'सारखी महाकाय जपानी युद्धनौका आणि कायझरच्या या नौकांकडे प्रत्येकी एकच पाच इंची तोफ, तीही मागच्या बाजूला. जपान्यांचे चिलखतभेदी गोळे पातळ पत्र्यातून आरपार गेले, काही फुटलेच नाहीत. त्यांतली 'कालिनिन बे' डझनाहून जास्त गोळे खाऊन तरली.

दर्यावर्दी: आणि तिचीच जोडीदार 'गॅम्बियर बे' त्याच सकाळी तोफांच्याच माऱ्याने बुडाली, ते सोयीस्कर गाळलंत. पत्रा पातळ म्हणून वाचलो, हे नशीब झालं. त्याला रचनेचं यश म्हणू नका. शिवाय त्या दिवशी जपानी ताफ्याला थोपवलं ते धुराचे पडदे टाकत अंगावर चाल करून गेलेल्या विनाशिकांनी.

नाखवा_दादा: आणि याच नौकांवरून उडालेल्या विमानांनी. बॉम्ब संपले तरी वैमानिक खोटे हल्ले करत राहिले. ती विमानं उडायला डेक कुणी दिला, ते सांगा.